रायमुनिया काढायले चालला ना, मग हे आधी वाच

भाऊ, पहिल्याच दिवशी अख्खा पट्टा साफ करायले घेऊ नको. रायमुनिया, म्हणजे घाणेरीचं झुडूप, काढाच लागते, तिच्याखाली गवत येत नाही अन् गवत नसलं तर चितळ काय खाईन, पण ससे, तितर, डुक्कर लपतात तेही त्याच झुडपात, बुलबुल तिचीच काळी फळं खाते, म्हणून पट्ट्यापट्ट्यानं काढ, मधातलं राहू दे, गवत उभं झालं की उरलेलं पुढच्या साली.

कोयत्यानं वरून छाटली तर दुप्पट फुटते, दोन वर्षांची मजुरी गेली तेव्हा मले समजलं. कुदळीनं माती सारून ३-४ सेंटिमीटर खाली मूळ तोड अन् झुडूप उलटं टाक, मुळ्या वर. फळं धरायच्या आधी.

बोर, चारोळी, तेंदू, मोहाच्या रोपांले आधी लाल चिंध्या बांध, मजूर सपासप जातात, आमच्याकडं कमरेएवढ्या चारोळ्या अशाच गेल्या लेका! उन्हाळ्यात अस्वल याच झाडांवर जगते. वाळलेलं उभं झाड जळतनाले न्यायचा मोह होते, पण ढोली पाहून घे, आत घुबड असते. अन् काढलेला ढीग पेटवू बिटवू नको, १५ फेब्रुवारीपासून तर वणव्याचा सीझनच असते.