लेस्टरला येताना मुलीच्या पट्टीत खंड पडू देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरला यायचंय, मुलगी साडेपाच वर्षांची आहे, डावा डोळा आळशी (म्हणजे मेंदू तो डोळा नीट वापरत नाही, म्हणून नजर कमी) असल्यामुळे पुण्यात रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चालू आहे आणि इथे पुढे काय करायचं ते कळत नाही. शिवाय ऑप्टोमेट्री (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं शास्त्र) शिकणाऱ्या दिराला इकडे लहान मुलांच्या डोळ्यांचं काम शिकता येईल का, हेही विचारलंय. मी अकरा वर्षांपूर्वी नाशिकहून आले तेव्हा माझ्या मुलालाही पट्टी होती, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडून जे झालं ते तुमच्याकडून होऊ नये. सामान, घर, शाळा या धावपळीत 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून आम्ही पट्टी थांबवली. इथे आल्यावर रेफरलचं, म्हणजे हॉस्पिटलकडे पाठवण्याचं, पत्र दवाखान्यातून पुढे गेलंच नाही, आणि ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. एकूण चार महिने गेले. 6/9 पर्यंत आलेला डोळा 6/18 वर गेला होता (6/6 म्हणजे पूर्ण नजर; खालचा आकडा वाढला की नजर कमी). तो परत आणताना मुलाने जे सोसलं ते मी विसरलेले नाही.

हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही. अमेरिकेतल्या पेडिग या मुलांच्या डोळ्यांवरच्या संशोधन गटाने 2004 साली पाहिलं, की उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण चौथा हिस्सा मुलांची नजर पुन्हा घसरते. त्यातही सहा ते आठ तासांची पट्टी एकदम बंद केलेल्यांत हे प्रमाण 42 टक्के होतं, तर आधी दोन तासांवर आणून मग थांबवलेल्यांत 14 टक्के. स्थलांतर म्हणजे नेमकं 'एकदम बंद' होण्याचं निमित्त. त्यामुळे निघायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मधल्या दोन-तीन महिन्यांत कुणी तपासलं नाही, तर रोज किती तास पट्टी लावायची? आकडा कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने तास वाढवू नका, कारण चांगला डोळा जास्त झाकला तर तोही मागे पडू शकतो.

कागदांत तीन गोष्टी हव्यातच: प्रत्येक भेटीची दोन्ही डोळ्यांची नजर, थेंब घालून काढलेला नंबर तारखेसह, आणि चष्मा व पट्टी कधी सुरू झाली, किती तास लावली. त्याच नंबरचे दोन चष्मे करून आणा. पट्ट्यांचे दोन-तीन डबे घ्या. पुढे इथल्या क्लिनिकमधून त्या मोफत मिळतात, पण पहिली भेट होईपर्यंत तुमच्याकडे हव्यात.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. 16 वर्षांखालच्या मुलांची नजर तपासणी चष्म्याच्या बहुतेक दुकानांत एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतर्फे मोफत होते आणि चष्म्यासाठी व्हाउचर मिळतं. तिथला ऑप्टोमेट्रिस्टही हॉस्पिटलला रेफर करू शकतो. फोन करतानाच 'इतक्या लहान मुलीला थेंब घालून तपासता का?' हे विचारून घ्या. रेफरल गेल्यावर दोन आठवड्यांनी हॉस्पिटलला फोन करून ते पोचलं का, याची खात्री करा. तो एक फोन आम्ही केला नव्हता. उपचाराचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत; व्हिसासोबत भरलेल्या आरोग्य अधिभारात ते येतं (2024 पासून मुलांसाठी वर्षाला 776 पौंड).

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये चार ते पाच वर्षांच्या मुलांची शाळेत नजर तपासतात. तुमच्या मुलीचं ते वय उलटून गेलंय, त्यामुळे तिला आपणहून कुणी बोलावणार नाही.

हॉस्पिटलमध्ये दर वेळी डॉक्टर भेटेलच असं नाही. मुलांची नजर, तिरळेपणा, पट्टी हे मुख्यतः ऑर्थोप्टिस्ट (याच कामाचे खास तज्ज्ञ, डॉक्टर नव्हेत) बघतात, आणि आमचा अनुभव असा की मुलाशी खेळत खेळत तपासायला त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. नजरेचे आकडे मात्र वेगळे दिसतील. आपल्याकडच्या 6/6 ला इथे 0.0 म्हणतात, 6/12 ला 0.3, 6/60 ला 1.0. आकडा कमी तितकी नजर चांगली. पहिल्यांदा '0.5' ऐकून मला वाटलं अर्धी दृष्टी गेली, आणि घरी येईपर्यंत रडू आवरेना.

पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे, म्हणजे तो डोळा तात्पुरता धूसर करणारे, थेंब घालण्याचा पर्यायही आहे; मध्यम आळशी डोळ्यात त्याचा परिणाम पट्टीइतकाच असल्याचं 2002 मध्येच दिसलं. मुलगी पट्टी काढून टाकत असेल तर हा विषय काढा. तुम्ही ज्या शहरात येताय त्याच लेस्टरच्या विद्यापीठाने पट्टी कधी सुरू करावी यावर युरोपातल्या अनेक हॉस्पिटलांत अभ्यास केला. तो 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: आधी 18 आठवडे नुसता चष्मा देऊन थांबण्यापेक्षा तीन आठवड्यांनीच पट्टी सुरू केलेल्या गटात जास्त मुलं सुधारली. इथल्या क्लिनिकमध्ये तुम्हाला अशा अभ्यासात भाग घ्यायला विचारलं तर घाबरू नका. नाही म्हटल्याने उपचार कमी होत नाहीत. आम्ही हो म्हटलं होतं, आणि उलट तपासण्या जास्त नेमाने झाल्या.

दिराबद्दल: ऑप्टोमेट्रिस्ट आणि ऑर्थोप्टिस्ट हे इथे दोन वेगळे पेशे आहेत. पहिल्याची नोंदणी जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे, दुसऱ्याची एचसीपीसी या वेगळ्या नोंदणी संस्थेकडे. भारतातली ऑप्टोमेट्रीची पदवी थेट चालत नाही, आधी कौन्सिलकडून तपासून घ्यावी लागते. त्याला खरंच मुलांमध्येच काम करायचं असेल तर ऑर्थोप्टिक्सची पदवी शेफिल्ड, लिव्हरपूल आणि ग्लासगो कॅलेडोनियन इथे आहे. परदेशी विद्यार्थ्याची फी मोठी असते, म्हणून आधी पुण्यातच एखाद्या बाल-नेत्र विभागात वर्षभर काम करून बघ, असं त्याला माझ्याकडून सांगा.

शाळा सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेला पट्टीबद्दल स्वतः भेटून सांगा आणि मुलीला सगळ्यात पुढे बसवायला सांगा. पट्टीवर तिला आवडेल ते चित्र काढू द्या. माझ्या मुलाने रोज गणपती काढला, आणि महिनाभरात वर्गातली दोन गोरी मुलं घरून पट्टी मागू लागली.