वाचकांचे प्रश्न : एकट्याने समुद्रात

प्रश्न : माझा भाचा मुंबईला शिडाची होडी चालवायला शिकला आहे. दिवाळीनंतर तो एकटाच मुंबईहून गोव्याला जायचं म्हणतो. सराव खंभातच्या आखातात करणार आहे. जीपीएस आहे, मोबाईल आहे, मग हरवीन कसा, असं विचारतो. त्याला काय सांगू?
— एक मावशी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. एकट्या माणसाला वाट चुकण्यापेक्षा होडीतून पडण्याचा धोका मोठा. ऑटोपायलटवर पाच नॉटने चाललेली होडी मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते आणि तिला थांबवायला वर कोणी नसतं.

म्हणून आधी दोरीचं विचारा. डेकवर पुढून मागे ताणलेल्या पट्ट्याला, म्हणजे जॅकलाइनला, हार्नेसचा टेदर, म्हणजे छातीच्या पट्ट्यापासून निघणारी दोरी, अडकवतात. पट्टा कडेने आणि टेदर दोन मीटरचा असेल, तर पडलेला माणूस होडीमागे पाण्यात फरफटतो. बांधलेला असूनही बुडतो. पट्टा डेकच्या मध्यातून न्यावा, टेदर एक मीटरचा घ्यावा. हुक केबिनच्या दारातच अडकवायचा, रात्री लघवीला उठला तरी. दोरीचं छातीकडचं टोक ताण असतानाही त्याला सोडता आलं पाहिजे.

दुसरं, होडीवरचा ईपर्ब बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र, 48 तास चालतो खरा, पण माणूस पडला की तो होडीबरोबर निघून जातो. अंगावरच्या लाइफजॅकेटला वेगळा पीएलबी, म्हणजे तसाच छोटा वैयक्तिक बीकन, हवाच. तो 24 तास चालतो. दोन्हींची नोंदणी बंगळुरूच्या इस्रो केंद्रात होते. तिथे तुमचा फोन नंबर द्यायला सांगा.

खंभातला सराव नको. भावनगरकडे उधाणाला पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ओहोटीच्या ओढीपुढे लहान होडीचं काही चालत नाही, आणि चिखलात रुतली तर परतीची भरती तिला आडवी करते.

झोप वीस-वीस मिनिटांचीच. तेवढ्यात वीस नॉटचं जहाज पावणेसात सागरी मैल जवळ येतं.

होडी मोडली तरी ती तरंगते आहे तोवर सोडू नये. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघालेल्या अभिलाष टॉमींच्या होडीची डोलकाठी तुटली, पाठ जायबंदी झाली. ते होडीतच राहिले, बीकन चालू होता. तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाज ओसिरिसने त्यांना उचललं.

मोबाईलची रेंज किनारा सुटला की जाते. व्हीएचएफ रेडिओचा चॅनल 16, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनल, चालू ठेवावा. निघण्याआधी एक कागद तुमच्याकडे घ्या : होडीचा रंग, शिडावरचा नंबर, बीकनचा 15 अक्षरी क्रमांक, रोज फोन करायची वेळ, आणि किती तास उशीर झाला की तटरक्षक दलाला 1554 वर कळवायचं ते.