ग्रीसच्या चार बेटांवर उतरताना: सहलींसाठी मुलीची एफडी मोडावी का?

नमस्कार ताई,

तुम्ही सगळे आकडे व्यवस्थित कळवलेत, त्यामुळे थेट बोलता येईल. इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही दोघं, बारावीची परीक्षा देणारी मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई असे डोंबिवलीचे चौघं मे महिन्यात अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून क्रूझवर निघणार आहात. मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट बेटावरचं हेराक्लिओन आणि ऱ्होड्स अशा चार ठिकाणी जहाज थांबेल. क्रूझचे चार लाख भरून झालेत. आता जहाज कंपनीने किनाऱ्यावरच्या सहलींचे दर पाठवलेत: माणशी मिकोनोस ७५ युरो, सँटोरिनी १२५, हेराक्लिओन ९५ आणि ऱ्होड्स ८९. तुमचे मिस्टर म्हणतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, चारही घेऊन टाकू. त्यासाठी मुलीच्या प्रवेशाची दोन लाखांची एफडी मोडावी की क्रेडिट कार्डावर ईएमआय करून घ्यावा, हे तुम्हाला ठरवायचंय.

दोन्हीही करू नका. चारही सहली घ्यायची गरज नाही, आणि ज्या घ्यायच्या त्यांचे पैसे तुमच्याकडे मेपर्यंत आपोआप जमतात.

आधी शेपटाची लांबी मोजू. माणशी ३८४ युरो, चौघांचे १,५३६. हिशेबाला सोपं म्हणून युरो १०० रुपयांना धरतो. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण चार टक्क्यांहून थोडा जास्त. सगळं मिळून एक लाख साठ हजार. चार लाखांच्या क्रूझवर आणखी ४० टक्के. मिस्टरांना हा आकडा कागदावर लिहून दाखवा. भरलेले चार लाख परत येणार नाहीत हे खरं, पण म्हणून पुढचे दीड लाख स्वस्त होत नाहीत. ते तुमच्या हातात अजून आहेत आणि त्यांचा निर्णय वेगळा घ्यायचा.

आता त्या दोन पर्यायांकडे बघू. मुलीचे प्रवेश जून-जुलैत सुरू होतील. सहल मे महिन्यात. एफडी मोडली तर पैसा लागायच्या ऐन महिन्यात तो नसेल, शिवाय मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळंच. ईएमआयचं गणितही बरं नाही. एक लाख साठ हजार बारा महिन्यांसाठी सोळा टक्क्यांनी घेतले तर महिना साडेचौदा हजारांचा हप्ता येतो, वर्षभरात चौदा हजारांच्या आसपास व्याज जातं, त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. आणि तुम्हीच लिहिलंय की घरखर्च व वीस हजारांची एसआयपी वजा जाता महिन्याला पंधरा हजार मोकळे राहतात. म्हणजे कॉलेज, हॉस्टेल, लॅपटॉप असे खर्च येतील त्याच वर्षी तुमचा मोकळा पैसा पुरता त्या हप्त्यात अडकेल. ही ओढाताण मला तुमच्यासाठी अजिबात नको आहे.

उलट बाजूने बघा. निघायला सात महिने आहेत. पंधरा हजार गुणिले सात, एक लाख पाच हजार. एसआयपीला धक्का नाही, आणीबाणीचा निधी शाबूत, एफडी जागच्या जागी. तेव्हा किनाऱ्यावरच्या खर्चाची तुमची मर्यादा एक लाख रुपये, आणि ती जहाज कंपनीच्या यादीवरून नाही, तुमच्या पगारावरून ठरलेली आहे. या लाखात चार बेटं कशी बसवायची ते आता बघू. हाच भाग महत्त्वाचा आहे, कारण चारही बेटांना एकच नियम लावला की पैसे वाया जातात.

बहुतेक लोक विचारतात, जहाजाची सहल घ्यावी की स्वतः जावं? हा प्रश्न प्रत्येक बंदरात नव्याने विचारायला हवा, आणि थोड्या वेगळ्या शब्दांत: जहाजातून उतरल्यापासून जे बघायचंय तिथपर्यंत मध्ये काय आहे, आणि परतायला उशीर झाला तर काय होईल? जहाजाच्या सहलीतली बस रखडली तर जहाज सहसा थांबतं, नाहीतर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोहोचवायची व्यवस्था करते. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. चार माणसांची विमानाची किंवा फेरीची तिकिटं आणि एका रात्रीचं हॉटेल, एवढ्यात वाचवलेलं सगळं संपतं. म्हणून जादा पैसे द्यायचे ते या खात्रीसाठी, आणि जिथे उशिराचा धोका खरा आहे तिथेच.

तो धोका सगळ्यात जास्त सँटोरिनीला आहे. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या स्फोटाने तयार झालेल्या खोल खाडीत ते थांबतं आणि छोट्या बोटींनी तुम्हाला कड्याच्या पायथ्याच्या जुन्या बंदरात सोडतात. फिरा हे गाव वर, कड्याच्या माथ्यावर. चढायला केबल कार, साडेपाचशेहून जास्त पायऱ्या किंवा गाढवं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या आणि गाढवं दोन्ही बाद. राहिली केबल कार, आणि एकाच दिवशी दोन-तीन जहाजं आली असली की तिची रांग फार वाढते. गर्दी इतकी झाली होती की २०२५ पासून या बेटावर दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. जहाजाच्या सहलीवाल्यांना साधारणपणे अथिनिओस या दुसऱ्या बंदरात उतरवतात, तिथे बस उभी असते, बसने ओइया गाव दाखवतात आणि मग फिराला सोडतात. म्हणजे चढतानाची रांग टळते. उतरताना मात्र केबल कारच असते, आणि दुपारी उशिरा सगळेच एकदम उतरायला लागतात. तेव्हा फिराला सोडल्यावर तिथे रेंगाळू नका, शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी रांगेत उभे राहा. सँटोरिनीचे चौघांचे ५०० युरो मी बिनदिक्कत खर्च करायला सांगेन. फक्त एक चौकशी करा: वाइन चाखण्याशिवायची, नुसती ओइयाची सहल कंपनीकडे आहे का? तुम्ही कुणी वाइन घेत नाही असं लिहिलंय, मग तिचे पैसे कशाला द्यायचे?

हेराक्लिओनचं चित्र बरोबर उलटं आहे. जहाज सरळ धक्क्याला लागतं, गाव चालत जाण्याजोगं, आणि क्रीटच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीतला क्नोसॉसचा राजवाडा पाचेक किलोमीटरवर. बंदराजवळून शहराची बस दिवसभर जाते, टॅक्सीही मिळते. राजवाड्याचं तिकीट २० युरो आहे, ते सरकारी संकेतस्थळावर वेळेसह आधी काढता येतं. दारात परवानाधारक मार्गदर्शक असतात, ते आठ-दहा जण जमले की गट करून नेतात. मार्गदर्शक इथे जरूर घ्या, कारण आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून उत्खनन करताना बऱ्याच भागांची काँक्रीटने पुनर्बांधणी केली. जुनं काय आणि इव्हान्सने उभं केलेलं काय हे सांगणारं कुणी नसेल तर समजत नाही. भित्तिचित्रं आणि फायस्टोसची चिन्हं उमटवलेली प्राचीन मातीची तबकडी मात्र गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तेही त्याच दिवशी होतं. टॅक्सी, तिकिटं, मार्गदर्शक सगळं धरून चौघांचे २२० युरो बाजूला ठेवा. जहाज यासाठीच ३८० मागतंय. आणखी एक गोष्ट, पैशाशी संबंध नाही, पण मुलीला इतिहास आवडतो म्हणून सांगतो: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात आपले रायगड-राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्याच अधिवेशनात क्नोसॉससह क्रीटमधली मिनोअन राजवाड्यांची सहा ठिकाणंही गेली. तिला तिथे उभं राहून हे आठवलं तर फार बरं वाटेल.

ऱ्होड्सला तर सहलीची गरजच नाही. क्रूझचा धक्का जुन्या शहराच्या तटबंदीला जवळजवळ चिकटून आहे. वेशीतून आत शिरलात की मध्ययुगीन शहर सुरू. सेंट जॉनच्या ख्रिस्ती सरदारांचा रस्ता, त्याच्या टोकाला चौदाव्या शतकातला त्यांच्या प्रमुखाचा, म्हणजे ग्रँड मास्टरचा राजवाडा, चौक, कारंजी. जहाजाच्या सहलीत यासोबत लिंडोस हे गाव आणि त्याच्या वरच्या टेकडीवरचं प्राचीन मंदिर आहे, म्हणून ८९ युरो. लिंडोस सुंदर आहे यात शंका नाही, पण ते पन्नास किलोमीटरवर आहे आणि वरच्या मंदिरापर्यंत उन्हात पायऱ्या चढायच्या आहेत. सासूबाई खालीच बसतील, तुमच्यापैकी एकजण त्यांच्याजवळ थांबेल, म्हणजे चौघांचे ३५६ युरो भरून वर जाणार दोघं. मी लिंडोस सोडेन. जुन्या शहरातले रस्ते गोट्यांचे आहेत, सासूबाईंना जाड तळाचे बूट आणि काठी हवी, आणि दमल्या तर जहाज दहा-पंधरा मिनिटांवर आहे. राजवाड्याची तिकिटं, कॉफी, एखादं फळांचं दुकान, ८० युरो पुरेत. दुपारचं जेवण जहाजावर येऊन करा, ते पैसे तुम्ही आधीच भरलेत.

मिकोनोसला जहाज गावापासून दोनेक किलोमीटरवर तूरलोसच्या नव्या बंदरात लागतं. तिथून छोटी प्रवासी बोट किंवा बस काही युरोंत गावात सोडते. पांढऱ्या गल्ल्या, पवनचक्क्या, पाण्याला टेकलेली घरं, सगळं पायी होतं. ७५ युरोंची फेरी इथे घेऊ नका. त्याऐवजी ज्यांना चालवतं त्या दोघांनी, म्हणजे मुलगी आणि तुमच्यापैकी एकाने, जुन्या बंदरातून डेलॉसला जावं. अर्ध्या तासावरचं हे निर्जन बेट ग्रीक पुराणात अपोलो आणि आर्टेमिसचं जन्मस्थान, १९९० पासून जागतिक वारसा. बोट आणि प्रवेश मिळून दोघांचे १०० युरो धरा. सावली नाही, टोपी आणि पाणी न्या. वारा वाढला तर बोटी रद्द होतात, म्हणून तिकीट आधीपासून काढू नका, त्या दिवशी सकाळी काढा. आणि परतीची बोट अशी पकडा की जहाजाच्या वेळेआधी दोन तास हातात राहतील, नाहीतर जाऊच नका. गावातल्या खर्चासाठी आणखी ६०.

बेरीज करू: ५०० अधिक २२० अधिक ८० अधिक १६०, एकूण ९६० युरो. अधिभारासकट जवळजवळ बरोबर एक लाख रुपये. बसलं.

एक छुपा खर्च मात्र आजच तपासा. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर बंदर शुल्क लावलंय. मे महिन्यात मिकोनोस आणि सँटोरिनीला माणशी १२ युरो, बाकी बंदरांत ३. जून ते सप्टेंबर तेच २० आणि ५ असतं, म्हणजे तुम्ही मे निवडलात ते चांगलंच झालं. तुमच्या चौघांचे होतात १२० युरो. भरलेल्या चार लाखांत ते धरलेत का, हे एजंटला लेखी विचारा. कर्मचाऱ्यांच्या रोजच्या टिपबद्दलही त्याच ईमेलमध्ये विचारा, कारण ती अनेकदा शेवटच्या दिवशी जहाजाच्या बिलात दिसते. बंदर शुल्क वेगळं भरायचं निघालं तर डेलॉसचे १०० युरो त्यात घाला आणि डेलॉस सोडा. सँटोरिनीच्या सहलीतून काटछाट करू नका.

पैसे कसे न्यायचे? दर महिन्याला पंधरा हजार वेगळ्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका, म्हणजे ते खर्चात मिसळणार नाहीत. सँटोरिनीची सहल क्रेडिट कार्डावर आधी बुक करा, पूर्ण बिल त्याच महिन्यात भरा, आणि किती दिवस आधी विनामूल्य रद्द करता येते ते बघून ठेवा. हवामानामुळे जहाजच त्या बेटावर थांबलं नाही तर कंपनीची सहल रद्द होऊन पैसे परत मिळतात, हाही तिचा एक फायदा. बाकीचे युरो फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डावर, दोन-तीन टप्प्यांत भरा. रक्कम लहान आहे, त्यामुळे त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे घेणाऱ्याने आगाऊ वसूल करायचा आयकर, लागत नाही. पण ते कार्ड जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला जोडू नका, तिथे ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला दिवस लागतात. दुकानात यंत्राने ‘रुपयांत भरायचे का’ विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर दुकानदाराची बँक ठरवते आणि तो सहसा महाग पडतो. क्रूझ पॅकेजवर एजंटने टीसीएस घेतला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे आयकर खात्याच्या २६एएस या कर-विवरणात बघा आणि रिटर्न भरताना मागा. अनेक जण हा पैसा खर्च समजून सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

शेवटी सासूबाईंचा प्रवास विमा. या एका गोष्टीत मी काटकसर करू देणार नाही. व्हिसासाठी लागतो तेवढाच किमान विमा घेऊन थांबू नका. त्यांचा रक्तदाब आणि मधुमेह अर्जात लिहा, आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे का आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल त्यात बसतं का, हे पॉलिसीच्या कागदात शोधा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पॉलिसीचा मसुदा मिळाला की मला पाठवा, मी वाचून कळवतो.