आधी लेन्स घ्यावी की दिवा?

प्रश्न : तालुक्याच्या गावी दहा बाय बारा फुटांच्या गाळ्यात माझा स्टुडिओ आहे. एपीएस-सी म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि दोन छोटी एलईडी पॅनेल एवढेच साहित्य आहे. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असते. साठवलेल्या पैशांतून ८५ मिमी एफ/१.८ लेन्स घ्यावी का?

उत्तर : तूर्त घेऊ नये. नाक मोठे दिसते ते लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे. कॅमेरा चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर असला की नाकाचे टोक कानांच्या मानाने फारच जवळ येते. सहा-सात फुटांवर हा फरक जाणवेनासा होतो. आपण बहुधा झूम १८ किंवा २४ वर ठेवून पुढे सरकत असाल. हीच लेन्स ५५ वर नेऊन मागे सरका; तक्रार बहुतांशी मिटेल.

८५ मिमीची खरी अडचण आपल्या गाळ्याची आहे. आपल्या सेन्सरवर त्या लेन्सने उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायला सुमारे चोवीस फूट अंतर लागते आणि कमरेपर्यंतच्या फोटोलाही बारा फूट. त्यातच, मागच्या पडद्यावर सावली पडू नये म्हणून माणूस पडद्यापासून चार फूट पुढे उभा करावा लागतो. शिवाय स्टुडिओत पुढे सुचवलेला फ्लॅश लावून आपण एफ/८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र लहान ठेवून काम करणार, तेव्हा एफ/१.८ च्या मोठ्या छिद्रासाठी मोजलेले जादा पैसे पडूनच राहतात.

ते पैसे दिव्यावर खर्च करावेत : एक २०० ते ३०० वॉट-सेकंद ताकदीचा स्टुडिओ फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारे साधन), मजबूत स्टँड आणि तीन फुटी सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ आणि एफ/८ पासून सुरुवात केल्यास छतावरच्या ट्यूबलाइटचा रंग फोटोत उतरत नाही. शटर १/२०० किंवा १/२५० पेक्षा वेगवान केला, तर बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून तीन फुटांवर ठेवावा. तो सहा फुटांवर नेला की प्रकाश चौथाई उरतो आणि सावल्यांच्या कडाही ठळक होतात. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, दिव्याच्या समोर, थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की दुसऱ्या दिव्याची गरज सहसा भासत नाही. भिंती मात्र पांढऱ्याच असाव्यात, कारण गुलाबी भिंतीचा रंग गालावर उतरतो आणि तो नंतर संगणकावर काढणे हे नसते झेंगट आहे.

आपल्याकडे नवरीचे फोटो निघत असणारच. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून मुख्य दिवा नवरीच्या डाव्या हाताला आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवावा. तो उजवीकडे ठेवला तर नाकाच्या सावलीत नथीचे मोती मंदावतात. प्रकाश मऊ नसेल, तर नथीची सावली ओठावर मिशीसारखी उमटते.

प्रश्न : चष्म्यावर दिव्याचे प्रतिबिंब येते. चष्मा काढायला सांगावे का?

उत्तर : पासपोर्टच्या फोटोसाठी चष्मा काढायलाच सांगावे. एरवी त्याची गरज नाही. दिवा आणखी वर आणि बाजूला न्यावा. तरीही चमक राहिली, तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या खालून निघून जाते.