वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात तंतूंना खळगे का पडतात?

प्रश्न : मी पुण्यात रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये पॉलिस्टायरीन विरघळवून इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च विद्युतदाबाने सुईतून द्रावणाची बारीक धार समोरच्या संग्राहकाकडे ओढून, तंतू काढते. मार्चमधल्या दुपारी काढलेले तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत दिसले. जुलैत द्रावण, विद्युतदाब आणि सुईपासून संग्राहकापर्यंतचे अंतर तेच ठेवूनही तंतूंवर सर्वत्र बारीक खळगे आले. आमचे मार्गदर्शक याचे कारण हवेतील दमटपणा असे सांगतात. परंतु माझी मैत्रीण तेच पॉलिस्टायरीन डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये विरघळवते आणि तिचे तंतू जुलैतही बाहेरून गुळगुळीतच असतात. हे कसे? शिवाय, खोलीत एसी लावला तर प्रश्न सुटेल का?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे आणि मैत्रिणीचा अनुभव त्याच्या विरोधात जात नाही. दमट हवा तंतूचे काय करील हे बरेचसे द्रावकावर अवलंबून असते.

टेट्राहायड्रोफ्युरान ६६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे ते फार उडून जाणारे द्रावक आहे. सुईतून निघालेली धार संग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा बराचसा भाग उडतो आणि या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता धारेतूनच घेतली जात असल्यामुळे तिचा पृष्ठभाग थंड पडतो. तो हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्या खाली, गेला की त्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात, त्यांच्याभोवती पॉलिमर (इथे पॉलिस्टायरीन) घट्ट होते आणि पुढे पाणी उडून गेल्यावर थेंबांच्या जागी खळगे उरतात. थंड काचेवर श्वास सोडल्यावर उमटणाऱ्या अशाच थेंबांच्या नक्षीविषयी लॉर्ड रॅले यांनी १९११ मध्ये लिहिले होते. मात्र टेट्राहायड्रोफ्युरान पाण्यात मिसळते, त्यामुळे सगळे श्रेय थेंबांना देणे मला पटत नाही. थंडावा आणि आत शिरलेले पाणी यांमुळे द्रावणाचेच पॉलिमरने समृद्ध आणि पॉलिमर कमी असलेले असे दोन भाग पडतात व दुसऱ्या भागाच्या जागी पोकळी राहते, ही क्रियाही सोबत चालू असते.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये नेमकी हीच पॉलिस्टायरीन-टेट्राहायड्रोफ्युरानची जोडी तपासली. सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांखाली असताना तंतू गुळगुळीत निघाले, ३० टक्क्यांच्या वर खळगे दिसू लागले आणि दमटपणा वाढला तसे खळग्यांची संख्या व आकारही वाढले. पुण्यात मार्चमधली कोरडी दुपार या सीमेच्या अलीकडे राहू शकते, जुलै मात्र तिच्या कितीतरी पलीकडे असतो. आणि खळगे म्हणजे दोषच, असेही समजू नये. तेल शोषण्यासाठी तंतू हवे असतील तर वाढलेला पृष्ठभाग उपयोगीच पडतो.

आता मैत्रिणीचे तंतू. डायमिथाइलफॉर्मामाइडचा उत्कलनबिंदू १५३ अंश आहे; ते सावकाश उडते, धारेला फारसे थंड करत नाही, पण हवेतील ओलावा मात्र उत्सुकतेने शोषून घेते. पॉलिस्टायरीन पाण्यात विरघळत नसल्यामुळे पाणी धारेत शिरताच पॉलिमर वेगळे होऊ लागते. बाहेर साल धरते आणि छिद्रे आत तयार होतात. म्हणून केवळ वरून पाहून निष्कर्ष काढू नये. तिने तंतू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडावेत आणि त्यांचा छेद पाहावा. जुलैतले तंतू आतून सच्छिद्र निघण्याची दाट शक्यता आहे. कोरड्या हवेत याच द्रावकातून निघालेल्या तंतूंची साल आधी घट्ट होते, आतले द्रावक नंतर निघून जाते आणि साल आत बसून सुरकुत्या पडतात.

जाडीचेही असेच आहे. पॉलिएथिलीन ऑक्साइड पाण्यात विरघळवले असेल तर दमट हवेत पाणी हळू उडते, धार अधिक वेळ ताणली जाते आणि तंतू बारीक होतो. दमटपणा फारच वाढला तर त्यावर मणी येतात किंवा ओले तंतू एकमेकांना चिकटतात. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे तंतू मात्र दमट हवेत जाड झाले, कारण तिथे पाण्यामुळे पॉलिमर लवकर घट्ट होते.

एसीबद्दल सावध राहावे. ३० अंशांची संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प न मावणारी, हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते, २० अंशांची केवळ १७ ग्रॅम. म्हणजे ३० अंशांवर ५० टक्के आर्द्रता असलेली हवा पाणी न काढता २० अंशांपर्यंत थंड केली तर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाईल. एसी काही पाणी काढतो, पण २५ टक्क्यांपर्यंत तो खोली आणील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा उपकरणाभोवती बंद कक्ष करून त्यात कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडावा. टेट्राहायड्रोफ्युरानची वाफ ज्वलनशील असते आणि जवळच उच्च विद्युतदाबाची सुई असते, म्हणून वाफ बाहेर काढणारा पंखा हवाच. नोंदवहीत सापेक्ष आर्द्रतेसोबत तापमान लिहावे, कारण त्याशिवाय तो आकडा अपुरा आहे.

आर्द्रतामापक सुईजवळ ठेवावा आणि अधूनमधून तपासावा. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलसर, पण पूर्ण न विरघळलेले मीठ ठेवून मापक त्याला न चिकटेल असा आत ठेवला तर काही तासांनी त्याने ७५ टक्के दाखवायला हवेत. दाखवले नाहीत, तर जितका फरक येईल तितकी दुरुस्ती त्या टप्प्यातील नोंदींत करावी.