मूकपटांतली कोणती नटी बोलपटांत गाण्याच्या जोरावर टिकली?

बोलपट आले तसे मूकपटांतले अनेक कलाकार मागे पडले, मग आवाजामुळे उलट वर आलेली कुणी होती का, असं तुम्ही विचारलंय. मी हॉलीवूडच्या बीबी डॅनियल्सचं नाव घेईन. आज तिची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जन्म 1901, डॅलस. घर नाटकवाल्यांचं, त्यामुळे लहानपणापासून रंगमंचावर. चौदाव्या वर्षी विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडची नायिका, पुढे दिग्दर्शक सेसिल डमिलचे चित्रपट आणि मग पॅरामाउंट या चित्रपट कंपनीची आघाडीची तारका. 1921 मध्ये ताशी 56 मैलांनी गाडी पळवली म्हणून तिला दहा दिवसांची कैद झाली. तिची लोकप्रियता इतकी, की गावातल्या फर्निचरच्या दुकानाने तिची कोठडी सजवून दिली!

बोलपट आले आणि पॅरामाउंटने तिला एकही बोलपट दिला नाही. इतकी वर्षं जिच्या नावावर तिकिटं विकली, तिच्या आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. मला हा शुद्ध अन्याय वाटतो. ती नव्यानेच निघालेल्या आरकेओ या चित्रपट कंपनीकडे गेली आणि 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गाजलेल्या ‘रिओ रिटा’च्या चित्रपटात नायिका म्हणून स्वतः गायली. आरकेओचा त्या वर्षीचा सर्वांत मोठा चित्रपट तोच ठरला. पाठोपाठ तिच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या.

1933 च्या ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’मध्ये ती मुरलेली गायिका-नटी आहे. प्रयोगाच्या आदल्या रात्री तिचा घोटा मोडतो आणि भूमिका एका नवख्या पोरीकडे जाते. ती लंगडत त्या पोरीच्या खोलीत येते आणि तिला मनापासून धीर देते. त्या प्रसंगात तिच्या चेहऱ्यावरचा मत्सर हळूहळू विरत जातो, तो नीट बघा. मूकपटांनी शिकवलेलं सगळं तिथे कामी आलंय.

पुढे नवरा बेन लायनसोबत ती लंडनला गेली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असतानाही दोघं तिथेच राहिली आणि बीबीसी रेडिओवर ‘हाय गँग!’ हा विनोदी कार्यक्रम करत राहिली. युद्धकाळातल्या कामासाठी 1946 मध्ये तिला अमेरिकेचं ‘मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. 1971 मध्ये ती लंडनमध्येच वारली.

बघायला सुरुवात 1933 च्या चित्रपटापासून करा. ‘रिओ रिटा’ची आज मिळते ती प्रत नंतर कापून छोटी केलेली आहे, पण शेवटचा रंगीत भाग चुकवू नका.