बांगडा, वाम, रोहू हे मासे ताजे असतील तर साशिमी म्हणून कच्चे खाता येतील का?

हे मासे अगदी ताजे मिळाले तर जपानी पद्धतीने कच्चे खाण्यास काय हरकत आहे, असे आपण विचारले आहे. हरकत आहे, आणि सर्वांत मोठा घोटाळा ‘ताजे’ या अटीवर विसंबण्यातच आहे.

माझे मेहुणे रत्नागिरीचे. मी नोकरीनिमित्त जपानात फुकुओकाला राहत असताना ते आमच्याकडे आले होते. तेथील गोमासाबा, म्हणजे सोया सॉस आणि तीळ घातलेले कच्च्या साबा माशाचे काप, त्यांना इतके आवडले की परतल्यावर त्यांनी मिरकरवाड्याहून पहाटे आणलेला बांगडा तसाच कापून पाहुण्यांपुढे ठेवला. साबा हा बांगड्याचाच भाऊबंद, मग अडचण कोठे, असा त्यांचा युक्तिवाद. मी त्या वेळी रत्नागिरीतच होतो. मी ताट उचलून आत नेले, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नमुंजीत माझ्या भित्रेपणाची कथा रंगवून सांगितली जाते.

हा भित्रेपणा असेल, तर जपानी लोक माझ्याहून भित्रे आहेत. साबात आनिसाकिस नावाची कृमी असते. फुकुओका ज्या बेटावर आहे त्या क्यूशूच्या पश्चिमेकडील समुद्रात आढळणारी तिची जात बहुतांशी माशाच्या आतड्यांतच राहते, तर प्रशांत महासागराच्या बाजूची जात मांसात अधिक शिरते. त्यामुळे फुकुओकात जे सर्रास कच्चे खाल्ले जाते, ते टोकियोत सहसा मीठ आणि व्हिनेगर लावून वाढतात. त्या व्हिनेगरनेही कृमी मरत नाही, साशिमीसोबतच्या तिखट वासाबीने तर नाहीच. उणे 20 अंशांवर 24 तास गोठविल्यावर ती मरते. मासा ताजा असला, तरी त्यातील कृमी जिवंत असू शकते, हे मेहुण्यांना आजही पटलेले नाही.

वामेचे म्हणाल, तर उनागीच्या, म्हणजे जपानातील गोड्या पाण्यातील वामेच्या, रक्तातच विष असते व ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून जपानात ती जवळजवळ नेहमी भाजूनच खातात. फुगू या विषारी माशाच्या यकृतातील विष तर शिजवूनही जात नाही. 1975 साली क्योतोत ते खाऊन आठवे बांदो मित्सुगोरो हे नामांकित काबुकी नट दगावले, आणि तो मासा काही शिळा नव्हता. रोहूचा विचार सोडून द्यावा; गोड्या पाण्यातील माशांमधून यकृतात शिरणारे कृमी येऊ शकतात.

एक सांगावयाचे राहिले. गोठविल्याने कृमी मरते, परंतु बर्फाविना टोपलीत राहिलेल्या बांगड्यात तयार होणारे हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य गोठवूनही जात नाही आणि तळूनही जात नाही. मेहुण्यांचा बांगडा नेमका तसाच आला होता. शिवाय घरातील फ्रीजर उणे 20 अंशांपर्यंत पोहोचेलच असे नाही. कच्चेच खावयाचे असेल, तर साशिमीसाठी म्हणूनच गोठवून विकला जाणारा ट्यूना घ्यावा. गर्भवतींनी व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तोही टाळावा.